वन्संचा रिपोर्ट आणि मिरजेतली हिस्टोपॅथॉलॉजी लॅब

लॅबचं नाव मी लिहीत नाही, तशी विनंती तिथल्या डॉक्टरबाईंनीच केली आहे. डॉक्टरांनी जाहिरात करायची नाही असा वैद्यक परिषदेचा नियम आहे, आणि पेशंटच्या माणसांनी भरभरून लिहिलं तरी ते शेवटी जाहिरातीसारखंच दिसतं, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं. एवढं सांगते की लॅब मिरजेत आहे, दुसऱ्या मजल्यावर आहे आणि तिथे फक्त गाठी, तुकडे आणि पोटा-छातीतून काढलेल्या पाण्याच्या तपासण्या होतात. रक्तलघवीसाठी जाऊ नका, परत पाठवतात.

मी मुंबईत महापालिकेच्या एका रुग्णालयात हिस्टोपॅथॉलॉजी विभागात, म्हणजे शरीरातून काढलेल्या गाठी-तुकड्यांचे पातळ काप करून मायक्रोस्कोपखाली तपासतात तिथे, ३१ वर्षं टेक्निशियन होते. निवृत्त होऊन साताऱ्याला आले त्याला आता चार वर्षं झाली. त्यामुळे या लॅबकडे मी पेशंटची नातेवाईक म्हणून पाहिलं तसंच त्या कामातली बाई म्हणूनही पाहिलं. बहुतेक लोक लॅबबद्दल लिहितात तेव्हा रिपोर्ट किती दिवसांत मिळाला आणि काउंटरवरची मुलगी नीट बोलली का, एवढंच लिहितात. त्यांचाही इलाज नाही, आत काय चालतं ते कुणाला दिसत नाही. म्हणून मला जे दिसलं ते सविस्तर लिहिते.

माझ्या थोरल्या नणंदेला, वन्संना, छातीत गाठ निघाली. वय ६१, गाव तासगावच्या बाजूचं. ऑपरेशनआधी नुसती सुईची तपासणी झाली होती, तुकडा काढला नव्हता. जिल्ह्यातल्याच एका छोट्या रुग्णालयात शनिवारी दुपारी ऑपरेशन झालं. काढलेला संपूर्ण स्तन एका प्लॅस्टिकच्या बरणीत घातला आणि काखेतल्या गाठी वेगळ्या लहान बाटलीत. दोन्ही माझ्या भाच्याच्या हातात दिलं आणि सांगितलं, लॅबमध्ये पोचवा. ही लॅब मिरजेची नव्हे, दुसरीच. शनिवारी संध्याकाळी लॅब बंद, रविवारी सुट्टी. बरणी दोन रात्री घरात देवघराशेजारच्या कोनाड्यात राहिली. सोमवारी सकाळी भाचा मोटारसायकलवरून घेऊन गेला. नंतर मला म्हणाला, "मामी, सांडू नये म्हणून डबा मी मांडीवरच धरून ठेवला होता." त्या पोराची काहीच चूक नव्हती. त्याला सांगितलं तेवढं त्याने जिवापाड जपून केलं.

मी त्याला एकच विचारलं, बरणीत पाणी, म्हणजे फॉर्मॅलिन, किती होतं? म्हणाला, अर्ध्याच्या थोडं वर, आणि मांसाचा गोळा वर तरंगत होता.

तिथेच माझ्या पोटात गोळा आला. का ते सांगते. फॉर्मॅलिन हे ऊतक, म्हणजे शरीरातून काढलेला भाग, जसंच्या तसं थांबवून ठेवतं, सडू देत नाही. पण ते आत शिरतं फार हळू. सुरुवातीला तासाला साधारण एक मिलिमीटर आणि पुढे त्याहूनही मंद. स्तनात चरबी असते, ती फॉर्मॅलिनला लवकर आत घेत नाही आणि गोळा वर तरंगतो. म्हणून असा मोठा अवयव आला की त्याला सुरीने सेंटीमीटरभराच्या किंवा त्याहून पातळ चकत्या पाडायच्या, चकत्यांमध्ये कागद घालायचा आणि ऊतकाच्या दहा ते वीस पट फॉर्मॅलिनमध्ये बुडवायचं. स्तनाच्या कॅन्सरसाठी जगभर मानला जाणारा नियम असा की शरीरातून काढल्यावर तासाभरात ऊतक फॉर्मॅलिनमध्ये पडलं पाहिजे आणि आत ६ तासांपेक्षा कमी नको, ७२ तासांपेक्षा जास्त नको. वन्संच्या बरणीतला गोळा अख्खा होता, न कापलेला, अर्ध्या फॉर्मॅलिनमध्ये, आणि महिना एप्रिलचा.

पहिल्या लॅबचा रिपोर्ट आला. कॅन्सर आहे, काखेतल्या गाठींत उतरला आहे. आणि त्याखाली एका ओळीत: ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह, हर-टू निगेटिव्ह.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ईआर आणि पीआर म्हणजे कॅन्सरच्या पेशींमध्ये संप्रेरकं (हार्मोन) अडकायची कडी आहेत का, याची तपासणी. हर-टू ही पेशी वाढवणाऱ्या एका प्रथिनाची वेगळी तपासणी. कडी असली तर केमो संपल्यावर पाच-पाच वर्षं, कधी त्याहून जास्त, रोज एक गोळी घेऊन आजार परत यायची शक्यता बरीच कमी करता येते. कडी नसली तर त्या गोळीचा उपयोग नाही, आणि डॉक्टर देतही नाहीत. वन्संची केमो तर ठरलेलीच होती. या एका ओळीवर अवलंबून होती ती नंतरची गोळी.

मी तो रिपोर्ट तीनदा वाचला. ऊतक फॉर्मॅलिनमध्ये किती वेळ होतं, याचा उल्लेख नाही. आणि इंटर्नल कंट्रोलबद्दल एक शब्द नाही. स्तनाच्या ऊतकात कॅन्सरच्या शेजारी निरोगी दूधनलिकाही असतात. त्या नलिकांच्या काही पेशी ईआरला रंग घेतातच, घेतल्याच पाहिजेत. त्याच स्लाइडवर, म्हणजे ऊतकाचा काप लावलेल्या काचेवर, त्या नलिकांनी रंग घेतला आणि कॅन्सरने घेतला नाही, तरच निगेटिव्ह म्हणायचं. नलिकाही कोऱ्या राहिल्या असतील तर तपासणीच झालेली नाही असं धरायचं. हाच इंटर्नल कंट्रोल, आमच्या भाषेत क्वालिटी कंट्रोलचा भाग. रिपोर्टच्या त्या ओळीमागे हे कुणी पाहिलं होतं का, ते मला कळायला मार्ग नव्हता.

ब्लॉक (मेणात बसवलेले ऊतकाचे तुकडे) आणि स्लाइड परत मागितल्या. दुसऱ्या मतासाठी पेशंटला ते मागता येतात, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. दोन खेपा घालाव्या लागल्या, पण मिळाल्या. चौदा ब्लॉक आणि स्लाइडचा डबा. मिरजेच्या लॅबचं नाव मला माझ्या जुन्या खात्यातल्या एका मॅडमनी दिलं.

मिरज म्हटलं की आमच्या भागातल्या जुन्या माणसांना वॉनलेस डॉक्टरांचं मिशन हॉस्पिटल आठवतं. ते १८९४ साली सुरू झालं. त्याच्या आदल्याच वर्षी, १८९३ मध्ये, जर्मनीत फर्डिनांड ब्लूम यांनी फॉर्मॅलिनने ऊतक टिकवता येतं हे जगाला सांगितलं होतं. म्हणजे हे हॉस्पिटल जेवढं जुनं, जवळजवळ तेवढंच आमचं फॉर्मॅलिनही जुनं. जिन्यात तो ओळखीचा वास आला आणि मला हे आठवलं.

काउंटरवरच्या मुलीने डबा उघडून प्रत्येक ब्लॉक हातात घेतला. ब्लॉकवरचा नंबर, स्लाइडवरचा नंबर आणि जुन्या रिपोर्टमधला नंबर, तिन्ही जुळवून वहीत टिक केली. मोठ्याने मोजत होती, म्हणजे भाच्यालाही ऐकू यावं. एका ब्लॉकवरचा शेवटचा आकडा पुसट झाला होता. तिने तो "सातच असणार" म्हणून सोडून दिला नाही. बाजूला ठेवला, पेन्सिलीने "क्रमांक अस्पष्ट" लिहिलं आणि आमच्या दोघांच्या सह्या घेतल्या. आतमध्ये डॉक्टरबाईंनी नंतर त्या ब्लॉकमधल्या ऊतकाची बाह्यरेषा स्लाइडशी ताडून तो सातच असल्याचं नक्की केलं. पाच मिनिटं लागली असतील. पण त्या पाच मिनिटांनी मी निम्मी निर्धास्त झाले.

तिसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. "तुम्ही हिस्टोमध्ये होता ना? मग या, स्वतः बघा."

त्यांच्याकडे दोघांनी एकदम बघायचा मायक्रोस्कोप आहे. आधी नेहमीची, हिमॅटॉक्सिलिन-इओसिन या दोन रंगांची स्लाइड लावली. ऊतकाच्या कडेला पेशी स्वच्छ, केंद्रकं रेखीव. जसजसं मध्याकडे सरकावं तसतशी केंद्रकं फिकट, कडा विरघळलेल्या, पाटीवरचं खडूचं अक्षर ओल्या बोटाने पुसल्यासारखी. आम्ही याला ऑटोलिसिस म्हणतो, म्हणजे फॉर्मॅलिन पोचायच्या आत पेशी आपोआप जिरायला लागल्या. मग पहिल्या लॅबची ईआरची स्लाइड लावली. कॅन्सर कोरा. आणि त्याच्या शेजारी तीन नलिका होत्या. त्याही कोऱ्या.

बाई म्हणाल्या, "याला मी निगेटिव्ह म्हणणार नाही. यातून सांगता येत नाही, असं म्हणेन."

एकतीस वर्षांत हे वाक्य मी फार थोड्या तोंडून ऐकलं. रिपोर्ट अडकतो, पेशंट चिडतो, पाठवणारा सर्जन नाराज होतो, आणि "सांगता येत नाही" याचे पैसेही कुणाला मागवत नाहीत. म्हणून लोक काहीतरी उत्तर देऊन मोकळे होतात.

पण बाई तिथे थांबल्या नाहीत. काखेतल्या गाठी लहान बाटलीत वेगळ्या होत्या, हे त्यांनी जुन्या रिपोर्टच्या वर्णनातून काढलं. लहान ऊतक, भरपूर फॉर्मॅलिन, दोन रात्री. म्हणजे ते नीट टिकलेलं असणार. कॅन्सर तिथेही होताच. त्या ब्लॉकवर त्यांनी तिन्ही तपासण्या नव्याने केल्या. त्या स्लाइडवर वन्संच्या ऊतकाशेजारी दोन बारीक तुकडे होते, एक गर्भाशयमुखाचा आणि एक टॉन्सिलचा. हे लॅबचे स्वतःचे कंट्रोल. गर्भाशयमुखाच्या पेशींनी ईआर घ्यायलाच हवा, टॉन्सिलमध्ये मात्र जवळजवळ सगळं कोरं राहून इकडेतिकडे थोड्याच पेशी फिकट दिसायला हव्यात. पहिल्याने कळतं की रंग लागतोय, दुसऱ्याने कळतं की नको तिथे लागत नाही, आणि फिकट पेशींनी कळतं की थोडंसं असलं तरी पकडलं जातंय. डेन्मार्कची नॉर्डिक्यूसी म्हणून जी संस्था जगभरच्या लॅबच्या अशा रंगांची परीक्षा घेते, ती हेच दोन ऊतक सुचवते. कंट्रोल वेगळ्या स्लाइडवर ठेवला तर रंगवताना त्या स्लाइडवर द्रव पडला आणि पेशंटच्या स्लाइडवर नीट पडला नाही, असं होऊ शकतं. एकाच काचेवर असला की दोघांना एकच वागणूक मिळते.

वन्संच्या स्लाइडवर कॅन्सरच्या दहापैकी आठ केंद्रकं तपकिरी झाली होती, गडद. ईआर पॉझिटिव्ह. एक टक्क्याला रंग आला तरी पॉझिटिव्ह म्हणायचं असा नियम आहे, एक ते दहा टक्के असेल तर "कमी पॉझिटिव्ह" असं वेगळं लिहायचं. इथे ऐंशी टक्के होते. पीआरही पॉझिटिव्ह. हर-टू आधीसारखाच निगेटिव्ह.

मी विचारलं, आणि हे काखेतलंही निगेटिव्ह आलं असतं तर? बाई म्हणाल्या, काखेतल्या गाठीत निरोगी नलिका नसतात, म्हणजे इंटर्नल कंट्रोल मिळत नाही. मग मूळ गाठीचे उरलेले सगळे ब्लॉक बघून ज्याच्या कडेला चांगलं टिकलेलं ऊतक आणि नलिका दोन्ही आहेत, त्यावर परत केलं असतं. त्यातूनही नाही जमलं तर तसं लिहून दिलं असतं.

रिपोर्टमध्येही त्यांनी हे सगळं मांडलं: कोणत्या ब्लॉकवर तपासणी केली, मूळ गाठीचा ब्लॉक का घेतला नाही, कंट्रोल कसे आले, ऊतक फॉर्मॅलिनमध्ये किती वेळ होतं ("नातेवाइकांच्या सांगण्यानुसार सुमारे ४२ तास, न कापता"), कोणता क्लोन (तपासणीच्या ॲंटिबॉडीचा प्रकार) वापरला. पहिल्या लॅबला दोष देणारा एकही शब्द नाही. मला ते आवडलं. पहिल्या लॅबनेही फक्त तेवढंच पाहिलं जेवढं बरणीतून आलं, पण नलिकांकडे बघायचं मात्र राहून गेलं.

मग मी बाईंना विचारून आतलं काम बघितलं. एक अख्खी सकाळ उभी होते.

ग्रॉसिंगच्या टेबलावर, म्हणजे आलेला अवयव कापून तुकडे निवडतात तिथे, एका वेळी एकच पेशंट. दोघं जण असतात, एक कापतो, दुसरा लिहितो. कॅसेटमध्ये (जाळीच्या लहान डबीत) किती तुकडे टाकले तो आकडा कागदावर जातो. एम्बेडिंग करणारा, म्हणजे तुकडे मेणात बसवणारा, तेवढेच मिळाले का ते बघतो, आणि स्लाइड बघणारा पुन्हा मोजतो. पोटाच्या दुर्बिणीतून काढलेले तांदळाच्या कणीएवढे तुकडे इओसिनच्या थेंबाने गुलाबी करून कागदात गुंडाळतात, म्हणजे पांढऱ्या मेणात हरवत नाहीत. प्रोसेसर, म्हणजे ऊतकातलं पाणी काढून मेण भरणारं मशीन, रात्री चालतो. वीज गेली तर इन्व्हर्टर आहे आणि मशीन मध्येच थांबलं तर टेक्निशियनच्या मोबाईलवर घंटा वाजते. आमच्याकडे पावसाळ्यात असं मशीन थांबलं की सकाळी ऊतकं चामड्यासारखी व्हायची किंवा चिकट राहायची, आणि ती परत आणता येत नाहीत.

मला सगळ्यात जास्त वेळ थांबावंसं वाटलं ते वॉटर बाथपाशी. सेक्शन, म्हणजे पातळ काप, काढणारा मुलगा असेल पंचविशीचा. ब्लॉक बर्फावर गार करून मायक्रोटोमला, म्हणजे काप काढायच्या यंत्राला, लावला, चाक फिरवलं, तीन मायक्रॉनचा रिबन कागदाच्या पट्टीसारखा बाहेर आला. ब्रशने उचलून कोमट पाण्यावर सोडला. मेण पसरलं, सुरकुत्या गेल्या. काच तिरपी बुडवून त्याने सेक्शन उचलला. आणि पुढचा ब्लॉक लावायच्या आधी टिश्यू पेपरची घडी पाण्याच्या पृष्ठभागावरून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओढली. प्रत्येक ब्लॉकनंतर. मी मोजलं, सतरा ब्लॉक, सतरा वेळा. ब्लेडची जागाही दर ब्लॉकला सरकवत होता.

याचं मला एवढं का वाटावं, तर १९९८ साली आमच्या खात्यात मी कापलेल्या एका स्लाइडवर दुसऱ्याच पेशंटचा कण आला होता. आधीच्या ब्लॉकमधला जठराचा बारीक तुकडा पाण्यावर राहिला आणि पुढच्या बाईच्या गर्भाशयमुखाच्या स्लाइडवर चिकटला. त्या कणात कॅन्सर होता. आमच्या सरांनी तो पकडला, कारण तो कण ऊतकाच्या कडेला वेगळ्याच पातळीवर होता आणि ब्लॉकमध्ये पाहिलं तर त्या जागी काहीच नव्हतं. याला फ्लोटर म्हणतात. सरांनी रागावण्याऐवजी मला मायक्रोस्कोपपाशी बसवून तो कण दाखवला. त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या बाईंना ते कधीच कळलं नाही, पण मी पुढे निवृत्त होईपर्यंत पाण्यावर कागद ओढल्याशिवाय एकही ब्लॉक लावला नाही. या मुलाला हे कुणी शिकवलं असेल त्याला माझा नमस्कार.

आणखी एक गोष्ट त्यांच्याकडे बघितली. रंगवून झालेली प्रत्येक स्लाइड डॉक्टरांकडे जायच्या आधी टेक्निशियन तिच्या ब्लॉकवर धरतो. ब्लॉकच्या कापलेल्या तोंडावर ऊतकाचा जो आकार दिसतो, तोच काचेवर दिसला पाहिजे. कोपरा तुटका असेल तर इथेही तुटका. नंबर चुकीचा पडला असेल तर तो इथे पकडला जातो. दोन सेकंदांचं काम आहे. बारकोडची मशीनं आली तरी हे डोळ्यांनी बघणं सुटू नये असं मला वाटतं, कारण बारकोड फक्त लेबल वाचतो.

रंगाचं म्हणाल तर सकाळी पहिल्यांदा एक कंट्रोल स्लाइड रंगवतात, ती डॉक्टर बघून सही करतात, मगच दिवसाच्या स्लाइड आत जातात. हिमॅटॉक्सिलिन रोज गाळतात. त्याचा जांभळट-लाल रंग निळा करायला त्यांना वेगळं काही लागत नाही, बोअरचं जड पाणी पुरतं. मुंबईत आम्ही लिथियम कार्बोनेट वापरायचो.

आता त्या वहीबद्दल. भिंतीला दोरीने एक जाड वही लटकवली आहे. कुठलीही स्लाइड बिघडली की त्यात नोंद: तारीख, ब्लॉक नंबर, काय झालं, का झालं, काय केलं. मी पानं चाळली. "घडी पडली, पाणी गार, तापमान वाढवलं." "ब्लेडची रेघ, ब्लेड बदललं." "हवेचा बुडबुडा, परत माउंट केलं." "रंग फिका, अल्कोहोल जुना, बदलला." नाव लिहिलेलं नाही कुणाचं, फक्त काम. बाईंनी दाखवलं की मे महिन्यात घड्या पडल्याच्या नोंदी एकदम वाढल्या होत्या. त्यांनी शोधलं तेव्हा लक्षात आलं, बर्फ सकाळी अकरालाच वितळत होता आणि ब्लॉक पुरेसे गार होत नव्हते. एक लहान कोल्ड प्लेट घेतली आणि जूनमध्ये नोंदी खाली आल्या. एक स्लाइड सुधारणं हे क्वालिटी कंट्रोल. पण वही बघून पुढच्या महिन्याच्या सगळ्या स्लाइड बिघडायच्या आधीच सुधारणं, याला क्वालिटी ॲश्युरन्स म्हणतात. परीक्षेला मी या दोन शब्दांच्या व्याख्या पाठ केल्या होत्या, पण इतक्या सोप्या रीतीने त्या मला त्या दोरीच्या वहीत दिसल्या. अशी वही ठेवायला धाडस लागतं, कारण ती बघून बाहेरच्याला वाटेल इथे किती चुका होतात. जिथे अशी वही नाही तिथे चुका होत नाहीत असं मला कुणीही सांगू नये.

लॅबला एनएबीएलची, म्हणजे लॅब तपासून मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची, मान्यता आहे, आयएसओ १५१८९ या मानकाखाली. इथे वाचकांना एक कळकळीचं सांगते. दारावर एनएबीएलचा शिक्का दिसला म्हणून सगळ्या तपासण्यांना मान्यता आहे असं नसतं. मान्यता तपासणीगणिक असते. एनएबीएलच्या संकेतस्थळावर लॅबचं नाव घालून तिच्या मान्यतेच्या यादीत तुमची तपासणी आहे का ते बघा. इथे नेहमीची हिस्टोपॅथॉलॉजी आणि आयएचसी (ईआर-पीआरसारख्या रंगांच्या तपासण्या) दोन्ही यादीत आहेत, मी आधी बघून मगच भाच्याला पाठवलं. बाहेरच्या संस्थेकडून स्लाइड मागवून स्वतःची परीक्षाही ते देतात, आणि एकदा गुण कमी आले होते तो कागदही फाइलमध्ये लावलेला दाखवला.

आता ज्या गोष्टी पटल्या नाहीत त्या. लिफ्ट नाही. कॅन्सरचे पेशंट, म्हातारी माणसं दुसऱ्या मजल्यावर चढतात हे बरं नाही. खाली एक माणूस बसवून सॅम्पल घेतले तरी चालेल. दुपारी एक ते चार फोन कुणी उचलत नाही. रिपोर्ट पाच दिवसांत देऊ म्हणाले, आठ दिवस लागले. उशीर का झाला ते मला कळत होतं, पण भाच्याला कुणी कळवलं नाही, तो रोज फोन करत राहिला. एक फोन केला असता तर त्याच्या घरच्यांची तीन रात्रींची झोप वाचली असती. रिपोर्ट पूर्ण इंग्रजीत आहे, मराठीत दोन ओळी तरी द्याव्यात. आणि ग्रॉसिंगच्या खोलीतला एक एक्झॉस्ट बंद होता, डोळे चुरचुरले. फॉर्मॅलिनमधलं फॉर्मल्डिहाइड हे माणसात कॅन्सर करतं असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच ठरवलं आहे. तिथली पोरं रोज आठ तास त्यात असतात. मी बाईंना तोंडावर सांगितलं, त्यांनी त्याच दिवशी मिस्त्री बोलावला असं नंतर कळलं.

दर: बाहेरच्या स्लाइड-ब्लॉक तपासून मत द्यायचे ८०० रुपये, ईआर-पीआर-हर-टू तिन्ही मिळून ४५०० रुपये. मुंबईपेक्षा कमीच. पावतीच्या मागे ब्लॉक दहा वर्षं सांभाळू असं छापलं आहे.

एक गोष्ट त्यांच्याकडून सगळ्या रुग्णालयांनी घ्यावी. ते ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना फॉर्मॅलिन भरलेल्या तयार बाटल्या आणि मोठ्या रुंद तोंडाच्या बरण्या फुकट देतात. लेबल बरणीच्या अंगावर चिकटवलेलं, झाकणावर नाही, कारण झाकणं बदलतात. लेबलवर दोन चौकटी: शरीरातून काढल्याची वेळ आणि फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची वेळ. त्या सकाळी कपाटात आलेल्या सॅम्पलच्या २३ बाटल्या होत्या. वेळ भरलेल्या ९. बाकीच्यांसाठी काउंटरवरची मुलगी एकेका रुग्णालयाला फोन करून वेळ विचारत होती आणि लाल पेनाने लिहीत होती. तुमच्या घरात कुणाचं असं ऑपरेशन असेल तर थिएटरमधल्या सिस्टरना आधीच विनंती करा: "ताई, बरणी मोठी घ्या, फॉर्मॅलिन भरपूर घाला, आणि वेळ लिहा." शनिवारचं ऑपरेशन असेल तर रविवारी लॅबचं कोण घेईल हेही विचारून ठेवा. मोठा अवयव असेल तर त्याच दिवशी लॅबमध्ये कापून घेतील का, ते विचारा. मिरजेची ही लॅब शनिवारी रात्री आठपर्यंत माणूस ठेवते, मला हे आधी माहीत असतं तर भाच्याला मी तिकडेच पाठवलं असतं.

वन्संची केमो संपली. आता रोज रात्री जेवणानंतर लेट्रोझोलची अडीच मिलिग्रॅमची एक गोळी घेतात, हीच ती संप्रेरकांवरची गोळी. सुनेने देवघरातल्या कॅलेंडरवर रोज फुली मारायची सवय लावली आहे.

पहिल्या लॅबचे चौदा ब्लॉक त्यांनी काम झाल्यावर सही घेऊन परत दिले, कारण ते मूळचे दुसरीकडचे. भाच्याने ते फ्रीजच्या वर ठेवले होते; मी तिथून उचलून कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवायला लावले. फ्रीजच्या वर ऊब असते, आणि तासगावच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत मेण मऊ पडतं. स्टीलच्या डब्यात, टिश्यूत गुंडाळून, वर वन्संचं नाव, ऑपरेशनची तारीख आणि दोन्ही रिपोर्टचे नंबर लिहून ठेवलेत.